काजऱ्याचं दूध

चमन अत्तार भित्रा होता, आणि ते सांगायला गल्लीत कुणी मागंपुढं पाहत नसे. त्याची बायको मेहमुदा गिऱ्हाइकांसमोर सांगायची, शेजारचे तांबट हसत हसत सांगायचे, आणि चमनही कधी नाही म्हणायचा नाही. आता हा माणूस सापाला भीत नव्हता, चोराला भीत नव्हता, सरकारी शिपायाशी तर दुकानाच्या फळीवर उभा राहून हुज्जत घालायचा; पण हे कुणी बोलून दाखवत नसे. त्याची सगळी भीती एकाच ठिकाणी गोळा झाली होती. त्या ठिकाणाला चार पाय होते, एक शेपूट होतं, आणि नाव होतं बदामी.

शाहू महाराजांना गादीवर बसून तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. कोल्हापुरात गंगावेशीच्या अलीकडं तांबटांची एक गल्ली होती. उन्हं वर आली की घराघराच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, हातोड्या तांब्यावर पडायला लागत आणि दिवस मावळेपर्यंत पडत राहत. नवखा माणूस गल्लीत शिरला की कानांत बोटं घालायचा; गल्लीतल्या बाया मात्र त्याच आवाजात पोरं निजवायच्या. इथं बोलणं म्हणजे ओरडणं. खुशाली विचारायची तरी ओरडून आणि शिव्या द्यायच्या तरी ओरडूनच, त्यामुळं बाहेरच्याला कशात काय चाललंय ते कळत नसे.

या गल्लीच्या मध्यावर चमनचं दुकान होतं. अत्तार म्हणून तो अत्तर विकत असेल असं कुणी समजू नये. अत्तराच्या कुप्या नुसत्या शोभेला होत्या. खरा धंदा हिरडा, बेहडा, वावडिंग, ज्येष्ठमध असल्या गोष्टींचा, आणि त्याच्याही वरची कमाई होती विषांची. बचनाग, धोतऱ्याचं बी आणि काजरा, हे सगळं माळ्याखालच्या उंच फळीवर, झाकणाच्या बरण्यांत. काजऱ्याच्या बिया आजऱ्याकडच्या रानातून यायच्या. वैद्य लोक त्यांना कुचला म्हणतात. चपटी, राखी, बटणाएवढी बी. दिसायला अगदी गरीब. कच्ची पोटात गेली तर माणूस ताठ होऊन, कमान होऊन मरतो, आणि मरेपर्यंत शुद्धीवर असतो. पण रीतसर शुद्ध केली तर तीच बी म्हाताऱ्यांच्या वातावर गुण देते.

ती रीत चमनला त्याच्या बापानं, बाबालालनं, कान पिळून शिकवली होती. बिया आधी गोमूत्रात भिजवायच्या, मग गाईच्या दुधात मंद आचेवर उकळायच्या, साल काढायची आणि तुपात परतायच्या. दुधात विष उतरतं. म्हणून ते दूध निवलं रे निवलं की परसात खड्डा करून ओतायचं, वर माती लोटायची आणि दगड ठेवायचा. चमननं इतकी वर्षं हे केलं आणि एकदाही हात चुकला नाही. विषाच्या बाबतीत तो अगदी थंड डोक्याचा होता.

बदामी आली प्लेगात. शहर सोडून सगळे माळावर झोपड्या बांधून राहिले होते. चमनची एकुलती मुलगी मेहरुन्निसा त्या झोपडीतच गेली. फळीवरचं प्रत्येक औषध त्यानं तिला देऊन पाहिलं आणि एकाचाही उपयोग झाला नाही. नंतर कित्येक दिवस तो झोपडीच्या दाराशी बसून असायचा. कुणाचं तरी मागं राहिलेलं एक पिल्लू, बदामाच्या सालीच्या रंगाचं, तिथं येऊन त्याच्या पायाशी बसायला लागलं. लोक शहरात परतले तेव्हा तेही आलं. मेहमुदानं पहिल्याच दिवशी बजावलं, "दुकानात ऱ्हाऊ दे. मी नमाज पढते त्या खोलीत पाय टाकायचा न्हाय." बदामीनं तो शब्द पाळला. चमनला मात्र त्या दिवसापासून झोप लागेनाशी झाली.

कारण कुत्र्याच्या जिवावर उठलेल्या गोष्टी किती असतात, हे कुत्रं पाळल्याशिवाय कळत नाही. गल्लीतून गुळाच्या गाड्या जायच्या. चमन गाडीवानाला "हळू हाक, हळू हाक" म्हणत गाडीबरोबर चालायचा. टांग्याची घंटा वाजली की हातातला तराजू टाकून पायरीवर यायचा. तांबटांच्या भट्टीतून निखारे उडतात म्हणून त्यानं तिला भट्ट्यांकडं फिरकू द्यायचं बंद केलं. तालमीतली पोरं दगड मारतात म्हणून तालमीच्या बोळातून जायचं बंद केलं. रंकाळ्याच्या बाजूला कुणाला तरी बिबट्या दिसला, ही बातमी तर आठ दिवस त्याच्या घशाखाली घास उतरू देईना. मेहमुदा म्हणायची, "लेकीच्या वक्ताला एवढा भ्याला न्हाईसा." तो म्हणायचा, "त्या वक्ताला भ्याचं असतं ते कळलं नव्हतं."

आता खरी गोष्ट.

शेजारी जोतीराम तांबट राहायचा. त्याचा सोपा आणि चमनचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. आदल्या वर्षी जोतीरामाच्या धाकट्या भावाला, आप्पाला, पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि तो गेला. कसा गेला ते गल्लीनं ऐकलं होतं. बघायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यानंतर जोतीराम कुत्र्याकडं बघायचाही नाही. बदामी पायरीवर दिसली की तोंड फिरवून घरात शिरायचा. त्यानं तिला कधी काठी उगारली नाही, पण चमनला त्याच्या त्या न बघण्याचीच जास्त धास्ती होती.

त्या वैशाखात आणखी दोघांना कुत्री चावली, आणि मोकाट कुत्री मारायची दवंडी फिरली. कुणी एक ठेकेदार होता, त्याची माणसं दंडुके आणि टोपली घेऊन पेठापेठांतून हिंडायला लागली. टोपलीत पिठाचे लाडू, आणि लाडवांत काजऱ्याची पूड. गळ्यात पट्टा असेल, धनी दारात असेल, तर ते कुत्रं सोडायचं, असं दवंडीत होतं. पण लाडवाला पट्टा कुठं दिसतो? चमननं चांभाराकडून रुंद पट्टा करून घेतला, तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज उजाडता तो काठी घेऊन गल्लीचा कोपरान् कोपरा धुंडाळायचा आणि लाडू सापडला की उचलून पुरायचा.

ठेकेदार सुरुवातीला काजरा घ्यायला चमनकडंच आला होता. चमननं त्याला दुकानाच्या फळीवरूनच परत लावला. "माझ्या दुकानातला काजरा कुत्र्याच्या पोटात जायचा न्हाय," असं तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. पुढं कितीतरी दिवस तो हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, आणि सांगताना त्याची मान जरा ताठ व्हायची.

एक दिवस सकाळी चमन दुकानामागच्या खोलीत काजरा शुद्ध करत बसला होता. एका वैद्याची घाई होती. बिया दुधातून काढून फडक्यावर पसरल्या होत्या आणि दुधाचं पातेलं निवायला जमिनीवर ठेवलं होतं. आता उठून खड्डा करायचा, एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हाकाटी झाली, "कुत्रीवालं आलं, कुत्रीवालं आलं."

चमन तसाच धावला. बदामी पायरीवर पसरली होती. धन्याला धावताना बघून तिला वाटलं खेळच आहे, आणि ती उड्या मारत गल्लीत पळाली. या सोप्यातून त्या सोप्यात, गाडीच्या खालून, हंड्यांच्या राशीमागून. लग्नसराईचे दिवस, गल्लीभर तांब्याची भांडी मांडलेली. चमन तिच्या मागं धापा टाकत, हाका मारत. शेवटी पट्ट्यात बोटं अडकली तेव्हा कुत्रीवाले कोपऱ्यावर दिसत होते. त्यानं तिला फरफटत आणली, मागच्या खोलीत नेली, खांबाला बांधली, दार ओढून कडी घातली. आतून ती एकदा केकाटली आणि गप्प झाली. तिची पाण्याची वाटी बाहेर पायरीवरच राहिली होती.

मग चमन दुकानाच्या फळीवर असा उभा राहिला की जणू कुत्रं हा प्राणी त्यानं जन्मात पाहिलेला नाही. कुत्रीवाले सावकाश आले, इकडंतिकडं बघितलं, पाणी मागितलं, पाणी प्याले, आणि पुढं गेले. चमन त्यांच्या पाठीमागं अंतर ठेवून गंगावेशीपर्यंत गेला. ते खरंच गेले याची खात्री केली. परत येताना त्यांनी टाकलेले लाडू हुडकून काढले, डब्यात भरले, नदीकडच्या उकिरड्यात खोल पुरले. येताना त्याला फार बरं वाटत होतं. आज आपण बदामीला वाचवलं, असं त्यानं वाटेत भेटलेल्या दोघांना सांगितलंसुद्धा.

त्यानं कडी काढली.

बदामी उभी होती. चारी पाय फाकलेले, लाकडासारखे ताठ. मान वर ओढलेली, ओठ मागं गेलेले, सगळे दात दिसत होते. दोरी जितकी पुरत होती तितकी ताणलेली होती आणि दोरीच्या टोकाला पातेलं कलंडलं होतं. निम्मं दूध होतं. निम्मं नव्हतं.

चमनला काय झालं ते बघताक्षणी कळलं. अख्ख्या गल्लीत इतक्या लवकर ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. धावून धावून तहानलेलं जनावर, समोर दूध. कडू लागलं म्हणून तिनं निम्मं तरी टाकलं होतं. तो "बदामी" म्हणाला, आणि त्याच्या आवाजासरशी तिचं अंग कमानीसारखं मागं वळलं आणि ती कुशीवर धाडकन पडली. पाय हवेत ताठ, थरथरत. डोळे मात्र चमनवर होते, आणि त्या डोळ्यांत ती पुरती जागी होती.

त्यानं तोंडावर हात दाबून धरला. बाबालालचे शब्द त्याच्या डोक्यात आपोआप यायला लागले. काजरा चढला की हात लावायचा नाही. आवाज करायचा नाही. उजेड दाखवायचा नाही. एकेक आवाज म्हणजे एकेक झटका, आणि एखाद्या झटक्यात श्वास अडकला की संपलं. विष उतरेपर्यंत पडून राहू द्यायचं. दुसरा इलाज नाही.

आणि दुपारच्या भाकरीसाठी थांबलेली जोतीरामाची हातोडी भिंतीपलीकडून पुन्हा पडली. ठण्.

बदामीचं अंग उडालं. ती सैल पडते न पडते तोच, ठण्. पुन्हा कमान. मग समोरच्या सोप्यातली हातोडी, मग पलीकडची, मग सगळ्या गल्लीच्या हातोड्या, ज्यांच्या आवाजात ती लहानाची मोठी झाली होती. चमनला आयुष्यात पहिल्यांदाच प्रत्येक ठोका वेगळा ऐकू आला. तुपानं विष मरतं म्हणतात म्हणून तो वाटीत तूप घेऊन तिच्या तोंडाशी वाकला. त्याचं बोट तिच्या ओठाला नुसतं लागलं, आणि मग जो झटका आला तो थांबेचना. तिची जीभ निळी पडली. चमन भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात काखेत दाबून उभा राहिला. तो आता खऱ्या अर्थानं भ्याला होता. आजवरचं सगळं नुसतं सवयीचं होतं.

झटका ओसरला तसा तो पाय न वाजवता बाहेर आला आणि धावत जोतीरामाच्या सोप्यात शिरला. खरं काय ते सांगावं, हे त्याच्या ओठावर आलं होतं. पण अत्तारानं काजऱ्याचं दूध उघडं टाकलं, असं एकदा गल्लीत झालं की उद्यापासून त्याच्या हातची बडीशेपही कुणी घेणार नाही. तो म्हणाला, "जोतीराम, जरा हातोडी थांबीव की. डोकं लई दुखालंय."

जोतीरामानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "अत्ताराचं डोकं दुखालंय? आन् तुझ्याकडं औषध न्हाय व्हय? सांजच्याला हंडं न्यायला पावणं येत्यात, लग्न हाय त्यांच्यात." त्यानं पुन्हा हातोडी उचलली.

एवढ्यात धोंडुबाई, म्हणजे कोपऱ्यावरची हळद-कुंकू विकणारी म्हातारी, चमनच्या उघड्या दुकानात सुंठ मागायला गेली होती. हाक मारून कुणी ओ देईना म्हणून तिनं मागच्या खोलीत डोकावलं. पुढं जे झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. धोंडुबाई किंचाळत बाहेर आली, "अगं बया, अत्ताराचं कुत्रं पिसाळलंय. दात बगा, फेस बगा."

हातोड्या थांबल्या, पण ओरडा सुरू झाला. लोक दुकानासमोर जमले. कुणी काठी आणली. कुणी म्हणालं, दार लावून घ्या. कुणी म्हणालं, कुत्रीवाल्यांना परत बोलवा, लांब गेले नसतील. चमन दारात आडवा उभा राहिला आणि हात जोडून, दबक्या आवाजात सगळ्यांना "हळू, हळू" म्हणत राहिला. त्याचं कुणी ऐकत नव्हतं. आणि मग गर्दी बाजूला झाली. जोतीराम येत होता. त्याच्या हातात मोठी हातोडी होती, हंड्याचं बूड ठोकायची.

"सर बाजूला," तो म्हणाला.

"पिसाळलेली न्हाय ती."

"मी पिसाळणं बगितलंय, चमनभाई. तू बगितलं न्हाईस. सर."

चमन सरला नाही. आता त्याच्याकडं लपवायला काही उरलं नव्हतं. "काजऱ्याचं दूध पिलीया," तो म्हणाला. "माझ्या हातचं. मीच उघडं ठेवलंतं. तिला कुत्रीवाल्यांपास्नं लपवाय मीच तितं बांधलं. तू ये आत. बग. मग तुला काय करायचं ते कर. पर बोलू नगंस. पाय वाजवू नगंस."

जोतीराम आत गेला. त्याच्या मागं चमन. बाहेर मेहमुदा आली होती. तिला काय घडलं ते कुणी सांगायच्या आत तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि गर्दीकडं पाठ करून दार लोटून घेतलं.

खोलीत अंधूक उजेड होता. बदामी कुशीवर पडली होती, दात विचकलेले. जोतीराम तिच्यापासून हातभर अंतरावर उकिडवा बसला. हातोडी त्याच्या गुडघ्यावर होती. चमनला वाटलं, आता ती उचलली जाईल आणि आपल्या हातानं काही होणार नाही. तो मनात अल्लाचं नाव घेत होता आणि तेही धड जमत नव्हतं.

जोतीराम बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत होता. फेसाकडं नव्हे. तिच्या मिशांना, हनुवटीच्या केसांना दूध लागून वाळलं होतं. मग त्यानं पातेल्याकडं पाहिलं. आत बोट बुडवून जिभेला टेकवलं, आणि तोंड वाकडं करून बोट धोतराला पुसलं.

"हे हिनं पिलं?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"व्हय."

"घोटलं? आपल्या आपण?"

"निम्मं पातेलं."

जोतीरामाची मान खाली गेली. "आमच्या आप्पाला शेवटाला पाण्याचा घोट उतरला न्हाय," तो म्हणाला. "तांब्या बगितला की किंचाळायचा. लुगड्याच्या पदरानं वारा घातला तरी किंचाळायचा. पिसाळलेलं दूध पीत न्हाय, चमनभाई." त्यानं हातोडी हळूच, आवाज न करता जमिनीवर ठेवली. मग चमनकडं न बघता तो म्हणाला, "त्याला आवाज सोसत नव्हता. आन् मी हिकडं सोप्यात ठोकत हुतो. लग्नाचा माल हुता. काय इलाज न्हाय म्हणालं वैद्य, मग म्या म्हणलं, काम तरी का थांबवा."

चमन त्याच्या शेजारी बसला.

जोतीराम उठला, बाहेर गेला. तो लोकांना काय म्हणाला ते चमनला ऐकू आलं नाही, कारण जोतीराम हळू बोलत होता आणि त्या गल्लीत हळू बोललेलं ऐकायची कुणाला सवय नव्हती. पण लोक पांगले. मग तो एकेका सोप्यात गेला. ज्यांनी पुन्हा हातोड्या उचलल्या होत्या त्यांनी त्या खाली ठेवल्या. एक तांबट कुरकुरला, कुत्र्यापायी धंदा बंद ठेवायचा काय म्हणून. जोतीराम त्याच्यासमोर नुसता उभा राहिला आणि त्यानंही हातोडी खाली ठेवली. भट्ट्या फुंकणारे भाते थांबले. मेहमुदानं घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या आणून मागच्या खोलीच्या दाराला, भिंतीला टांगल्या, त्यात तिची नमाजाची चटईसुद्धा होती. मग ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि टांगेवाल्यांना उतरून घोडा हातात धरून न्यायला लावू लागली. ज्यानं ऐकलं नाही त्याला तिनं अशा काही शिव्या दिल्या, आणि त्याही कुजबुजत, की तो बिचारा आल्या वाटेनं परत गेला.

सांजेला लग्नाच्या हंड्यांसाठी हंबीरराव आले. नवऱ्या मुलीचे वडील, मोठ्या आवाजाचे, गल्लीच्या टोकापासूनच "काय रं जोतीराम, झालं का न्हाय" म्हणत. जोतीराम धावत गेला आणि त्यानं त्यांचा हात धरला. "पावणं, आवाज खाली. हंडं उद्या. कमी पडलं तर माझ्या घरातलं देतो." हंबीररावांनी कारण विचारलं. कारण ऐकल्यावर त्यांचं तोंड उघडं राहिलं. पण तेही शेतकरी माणूस, घरी जनावरं असलेले. ते वहाणा हातात घेऊन गल्लीबाहेर गेले.

चमन आत बसून होता. दिवसभर आणि रात्रभर तो बसूनच होता. इतक्या शांततेत त्याला आपलाच श्वास मोठा वाटायचा, म्हणून तो तोंडावर धोतराचा सोगा धरून श्वास घेत होता. कुठं तरी एखादं भांडं पडायचं, पोर रडायचं, कावळा ओरडायचा, आणि बदामीचं अंग आवळायचं. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, हाच शेवटचा. तिचे डोळे त्याला शोधत होते. आजवर ती भ्याली की हा तिच्या मानेवर हात ठेवायचा, आणि आज हात ठेवला तर ती मरणार होती. त्याचे हात काखेत इतके दाबलेले होते की बोटांना मुंग्या आल्या. लेकीच्या वेळी त्यानं तिला घट्ट धरून ठेवलं होतं, आणि ती गेली होती. आता न धरण्यातच सगळं होतं, आणि ते त्याहून कठीण होतं. तो भीत होता, रडत होता, आणि दोन्ही आवाज न करता.

झटके हळूहळू लांब लांब गेले. पहाटे पहाटे बदामीचे पाय सैल झाले. उजाडलं तेव्हा तिनं मान उचलली, मेहमुदानं दारातून सरकवलेल्या वाटीतलं पाणी चाटलं, आणि धडपडत उभी राहून बाहेरच्या पायरीवर येऊन पडली. चमन तिच्यामागं रांगत आला.

गल्लीत उन्हं आली. सगळे तांबट आपापल्या सोप्यात बसले होते, समोर तांबं, हातात हातोड्या, आणि कुणीच ठोकत नव्हतं. विष पुरतं उतरलं की नाही ते कळायला एकच मार्ग होता, आणि तो प्रत्येकाला ठाऊक होता. सगळे जोतीरामाकडं बघत होते. जोतीराम चमनकडं बघत होता.

कायम अशी शांत गल्ली ठेवता येणार नव्हती. पोटं होती प्रत्येकाला. चमननं मान डोलावली. "ठोक," तो म्हणाला.

जोतीरामानं हातोडी उचलली. ती वरच्या वरच राहिली. चमननं डोळे मिटून घेतले. ठण्, असा एकच ठोका पडला.

त्यानं डोळे उघडले. बदामीचा एक कान हलला होता. तिनं जोतीरामाकडं पाहिलं, जांभई दिली, आणि हनुवटी पायावर टेकवून डोळे मिटले.

चमननं काखेतला हात काढला आणि तिच्या मानेवर ठेवला. तिनं अंग आवळलं नाही. तिचं अंग गरम होतं, सैल होतं, आणि तो त्या सैलपणावर हात फिरवत मोठ्यानं रडायला लागला, अगदी गल्लीच्या पट्टीत. समोरच्या सोप्यातली हातोडी सुरू झाली, मग पलीकडची, मग एकेक करत सगळ्या.

एकटा जोतीराम ठोकत नव्हता. हातोडी मांडीवर घेऊन तो बदामीकडं बघत बसला होता.

"ठोक की आता," चमन डोळे पुसत म्हणाला. "तिला काय हुईत न्हाय."

"ठोकतो," जोतीराम म्हणाला. "जरा निजू दे तिला. मग ठोकतो."